कोपऱ्यातली तीन भोकं

"मास्तर, डोळं गेलं का हो तुमचं?"

मी पडद्याआड बसून हे ऐकलं. आमच्या पुढच्या आणि मागच्या खोलीमध्ये भिंत नाही, एका जुन्या चादरीचा पडदा आहे. पुढं बाबांचं यंत्र, मागं स्वयंपाक, माझं टेबल आणि कॉम्प्युटर. पडद्याची कड भिंतीला नीट टेकत नाही, त्यामुळे बसल्या जागेवरून मला पुढच्या खोलीचा एक उभा पट्टा दिसतो. त्या पट्ट्यातून मी लहानपणापासून माणसं बघत आले आहे. कुणाचा अर्धा चेहरा, कुणाचा नुसता गुडघा, कुणाचा चहाचा कप धरलेला हात.

त्या दिवशी मला मालकांचा खांदा दिसत होता. सोलापुरातल्या आमच्या भवानी पेठेतल्याच एका चादरीच्या कारखान्याचे हे मालक. त्यांच्या मागांसाठी माझ्या आठवणीच्या आधीपासून बाबाच कार्डं पाडत आले आहेत. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. उलट थोडा हसराच होता, आणि म्हणूनच तो मला जास्त लागला.

यंत्रासमोरच्या स्टुलावर बसून बाबा मांडीवरच्या चादरीकडे बघत होते. चादर मालकांनी आणली नव्हती. ती आणली होती तिसऱ्या माणसानं, दुधनीहून सकाळच्या गाडीनं, वर्तमानपत्रात गुंडाळून, काखेत धरून. सत्तरी ओलांडलेले व्यापारी, स्वच्छ धोतर, डोक्यावर पांढरी टोपी. आमच्या घरी ते पहिल्यांदाच आले होते.

"गठ्ठा तसाच बांधून ठेवलाय री," ते म्हणाले. "एकच काढून आणली, दाखवायला. माझ्या दुकानात हे चालणार नाही. हा माल यांचा नव्हं."

"अहो सावकार, माझ्याच मागावर विणलाय," मालक म्हणाले. "मी उभा राहून विणून घेतलाय."

"असंल. पण तुमचा नव्हं."

मला पुढं जाऊन काही सांगायचं होतं. मी टेबलाची कड धरून बसून राहिले.

*

बाबांचं काम काय, हे शाळेत मला कधी नीट सांगता आलं नाही. इंग्रजी शाळेतल्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना उभं करून वडील काय करतात ते विचारलं होतं. मी म्हणाले, "कार्ड्स." बाईंना वाटलं लग्नपत्रिका छापतात. मी ते दुरुस्त केलं नाही. दहावीपर्यंत त्या शाळेत माझे वडील लग्नपत्रिका छापत होते.

खरं काम असं. चादरीवर जे फूल किंवा मोर उमटतो, तो मागाला आपोआप कळत नाही. पुठ्ठ्याच्या लांब पट्ट्यांवर भोकं पाडलेली असतात. एक पट्टी म्हणजे एक कार्ड, आणि एक कार्ड म्हणजे आडव्या दोऱ्याची एक फेरी. जिथं भोक, तिथं उभा दोरा वर उचलला जातो. जिथं भोक नाही, तिथं खाली राहतो. अशी शेकडो कार्डं दोऱ्यात ओवून त्यांची माळ करतात आणि ती मागावर चढवतात. माळ फिरत राहते, फूल उमटत राहतं. आमच्या छताला अशा माळा टांगलेल्या असायच्या. लहानपणी मला त्या कुणीतरी मोडून ठेवलेल्या लाकडी जिन्यांसारख्या वाटायच्या.

माझे आजोबा केम गावाजवळची शेती भावांवर सोडून इथल्या गिरणीत आले. गिरणी बंद झाली तेव्हा बाबा तरुण होते. त्यांनी मोडीतून हे भोकं पाडायचं यंत्र घेतलं आणि पुढच्या खोलीत मांडलं. गिरणीच्या जागेला आता नुसती लांब भिंत आहे आणि तिच्या कडेला फळांच्या गाड्या. पण यंत्र चालू राहिलं. आमच्या गल्लीत सगळी तेलुगू विणकरांची घरं. समोरच्या ओट्यावर बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायच्या आणि माग दिवसभर खटखटत असायचे. मराठी घर आमचं एकच. बाबांना सगळे मास्तर म्हणायचे, कारण त्यांची माळ परत आली, असं कधी झालं नव्हतं.

आता गोष्ट वेगळी आहे. नवे माग कॉम्प्युटरवर चालतात, त्यांना कार्डं लागत नाहीत. गल्लीतले बहुतेक कारखाने तिकडं गेले. बाबांकडं उरले ते हे एकच मालक. त्यांच्या जुन्या मागांवर जुन्या माळा होत्या, त्यांच्या आजोबांच्या वेळच्या नमुन्यांच्या, झिजलेल्या, उंदरांनी कुरतडलेल्या. त्या नव्यानं पाडून द्यायच्या होत्या. एक माळ आम्ही पाडून दिली होती. उरलेल्या चार यंत्राशेजारी पोत्यात बांधून ठेवल्या होत्या.

त्या चार माळा आज राहतात की परत जातात, एवढाच त्या दिवशीचा प्रश्न होता. त्या गेल्या तर यंत्र थांबणार, हे बाबांना माहीत होतं आणि मलाही.

*

"आम्ही" म्हणाले, कारण हे काम दोघांचं आहे. एकानं नमुना वाचायचा, दुसऱ्यानं यंत्राच्या कळा दाबायच्या. पूर्वी बाबा दोन्ही एकट्यानंच करायचे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बारीक बघताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, तेव्हापासून वाचायला मी बसते. जुनं कार्ड खिडकीच्या उजेडात धरायचं आणि ओळीनं सांगत जायचं: दोन पाड, एक सोड, तीन पाड, दोन सोड. पाड म्हणजे भोक पाडायचं, सोड म्हणजे कोरं सोडायचं. माझ्या तोंडून शब्द निघायचा आणि त्याच क्षणी बाबांची बोटं कळांवर पडायची, मग पायाचा दट्ट्या, मग खट्ट.

मी फार बोलत नाही. घरी आलेले पाहुणे विचारतात, "मुकी हाय का हो पोरगी?" आणि बाबा ठरलेलं उत्तर देतात, "इंग्रजीत बोलती की. आपल्याला कळत न्हाय म्हनून गप बसती." सगळे हसतात. खरं म्हणजे मी इंग्रजीतही बोलत नव्हते. उत्तर येत असलं तरी हात वर करायची नाही. पेपरात मात्र एकही गोष्ट सुटायची नाही. आता मी पुण्याच्या एका कंपनीसाठी घरूनच काम करते. लोकांनी लिहिलेली इंग्रजी वाक्यं तपासायची आणि चुका नीट करून पाठवायच्या. त्या लोकांशी एकदाही बोलावं लागत नाही.

पण यंत्राशेजारी बसून मी सलग दोन-दोन तास बोलायची. पाड, सोड, पाड, सोड. माझा आवाज कुणी एवढा लक्ष देऊन ऐकावा, हे दुसरीकडं कुठं घडलं नाही.

बाबांचा एकच नियम होता. पहिल्या दिवशीच त्यांनी सांगितला. "डोळ्याला दिसंल ते बोलायचं. डोक्याला वाटंल ते न्हाय. बरोबर का चूक, ते मी बघतो."

पहिली माळ पाडताना शेवटच्या दिवसांत आम्ही चादरीच्या कोपऱ्यापर्यंत पोचलो. नमुना दोन्ही बाजूंना सारखा होता. डाव्या कोपऱ्यात जशी पाकळी, तशीच उजव्या कोपऱ्यात, आरशात बघितल्यासारखी. एव्हाना मला तो पाठ झाला होता. डावी बाजू वाचली की उजवी मी न बघताही सांगू शकले असते. आणि तिथं, डाव्या कोपऱ्यात, किनारीला लागून एक भोक दिसलं. उजवीकडं ते नव्हतं.

मी थांबले. बाबा म्हणाले, "हं?"

मी कार्ड उजेडात तिरकं करून पाहिलं. कुरतडल्याची खूण नव्हती. पण कार्ड जुनं, कडा मऊ पडलेल्या. कुणीतरी केव्हातरी चुकून पाडलं असेल, असं मी मनात म्हणाले. उजवी बाजू बरोबर होती, म्हणजे डावी चूक होती. शाळेत आम्हाला हेच शिकवलं होतं आणि नोकरीत मी रोज हेच करते.

"सोड," मी म्हणाले.

पुढच्या कार्डावर त्याच जागी पुन्हा तसंच भोक होतं. मी पुन्हा सोड म्हणाले. त्याच्या पुढच्या कार्डावर तिसरं.

एक भोक चुकून पडू शकतं. लागोपाठच्या तीन कार्डांवर, एकाच जागी, तीन भोकं चुकून पडत नाहीत. एवढं मला कळत होतं. विचारायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं, की बाबा, इथं तीन जादा दिसतात, पाडायची का? पण विचारायचं म्हणजे लय तोडायची, बाबांनी उठायचं, चष्मा बदलायचा, पाणी येणाऱ्या डोळ्यांनी खिडकीशी उभं राहायचं. असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण साधं होतं. विचारण्यापेक्षा दुरुस्त करून टाकणं मला नेहमीच सोपं वाटत आलं आहे.

तिसऱ्या वेळीही मी सोड म्हणाले. बाबांनी सोडलं.

माळ पुरी झाल्यावर नवं-जुनं पडताळून बघायचं कामही माझ्याकडंच होतं. ती तीन कार्डं मी पटकन पुढं सरकवली.

*

"हितं बघा," दुधनीचे व्यापारी म्हणत होते. पडद्याच्या फटीतून मला त्यांचा हात दिसला. त्यांनी बाबांच्या मांडीवरच्या चादरीचा डावा कोपरा उचलला होता आणि अंगठ्याचं नख किनारीवरून फिरवत होते. "हितं एक टाका असतो. वर आलेला. डोळ्याला दिसत नाही, नखाला लागतो. माझ्या वडिलांनी मला दुकानात बसवलं तेव्हा पहिलं हे शिकवलं. गठ्ठा आला की कोपरा धर, नख फिरव. लागलं तर ठेव, नाही लागलं तर परत."

"मला हे कुणी सांगितलंच नाही की," मालक म्हणाले.

"तुम्हाला कशाला सांगतील? तुम्ही विणणारे. हे विकत घेणाऱ्यासाठी आहे."

मग त्यांनी सांगितलं. मालकांचे आजोबा तेलंगणातून चालत सोलापुरात आलेले. घरात दोन माग. चादरी विणायच्या आणि गठ्ठा पाठीवर टाकून दुधनीच्या बाजाराला न्यायच्या. पुढं गठ्ठे मालगाडीनं जाऊ लागले. स्टेशनवर ते एकमेकांत मिसळायचे. चिठ्ठी नाही, शिक्का नाही. नमुना तर एकानं काढला की आठवड्यात दहा जण काढायचे. कुणाच्या तरी कच्च्या रंगाच्या चादरी यांच्या म्हणून दुधनीत खपल्या आणि पहिल्याच धुण्यात उतरल्या. गिऱ्हाईक येऊन दुकानासमोर भांडलं. तेव्हा या दोघांनी, म्हणजे मालकांच्या आजोबांनी आणि व्यापाऱ्यांच्या आजोबांनी, दुकानाच्या बाकड्यावर बसून हे ठरवलं. एका कोपऱ्यात तीन फेऱ्या एक दोरा वर उचलायचा. बघणाऱ्याला दिसणार नाही, नक्कल करणाऱ्याला कळणार नाही.

"आमचे ताता हे बोलले नाहीत कधी," मालक आजोबांबद्दल हळू आवाजात म्हणाले. आता त्यांच्या बोलण्यात हसू नव्हतं. "घरी आईलासुद्धा माहीत नसणार."

"सोलापुरात कुणालाच माहीत नव्हतं री. कार्डात होतं. कार्ड बघून कार्ड केलं की चाललं. आजपर्यंत चाललं."

मी मागं बसून माझ्या हातांकडं बघत होते. एवढी वर्षं ही खूण टिकली होती ती इथं कुणी आठवणीत ठेवली म्हणून नाही. प्रत्येक वेळी कार्ड पाडणाऱ्यानं, कारण माहीत नसताना, जे दिसलं ते तसंच पाडलं म्हणून ती राहिली. ज्यांनी हे केलं त्यांच्यापैकी कुणाला ते भोक चुकीचं वाटलंच नसेल, असं नाही. वाटलं असेल. त्यांनी तरीही पाडलं. बाबांचा नियम मी इतके दिवस डोळे अधू झालेल्या माणसाची सोय समजत होते.

"चूक माझी हाय," बाबा म्हणाले.

मी वर पाहिलं. त्यांनी चष्मा काढला होता आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत होते. "हात चुकला आसंल. वय झालं आता."

"एकदा चुकंल मास्तर, तीनदा कसा चुकंल?" मालक म्हणाले. "एकाच जागी?"

"चुकला," बाबा म्हणाले. "झाकून काय करायचं?"

वाचायला मी बसते हे मालकांना माहीत नव्हतं. बाबांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि त्या वेळीही सांगितलं नाही. हात तीनदा चुकत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? त्यांना तेव्हाच सगळं कळलं होतं, का त्यांचा खरंच आपल्या हातावरचा भरवसा गेला होता, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

"मी काय म्हणतो," मालक म्हणाले, आणि ते बोलायला त्यांना जड जात होतं हे मला त्यांच्या खांद्यावरून कळलं. "होटगी रोडला एक जण आहे. जुनं कार्ड मशीनवर ठेवतो, फोटो घेतो, त्यावरून मशीनच नवं पाडतं. माणसाचा हात लागत नाही त्यात. तुम्हाला वाईट वाटून घ्यायचं नाही."

"वाईट कशाचं? घिऊन जावा की," बाबा म्हणाले. "उंदरानं खाल्ल्यापेक्षा बरं."

कुणीच हसलं नाही. बाबा उठले, त्यांनी यंत्राच्या कळांवर फडकं टाकलं. रोज काम संपल्यावर टाकतात तसंच, फक्त या वेळी चारही टोकं खाली खोचली. मग पोतं पुढं ओढलं. वरची गाठ सुटलेली होती.

"अगं," त्यांनी हाक मारली, "सुतळी आन गं जरा. माळा बांदायच्या हायत्या."

सुतळीचं बंडल माझ्या टेबलाखालीच होतं. मी ते उचललं. पडद्यापाशी येऊन थांबले. फटीतून बघण्याची सवय एवढी, की पडदा बाजूला केल्यावर खोली मला एकदम फार मोठी वाटली. तिथं तीन पूर्ण माणसं होती. मालक कपाळावरचा घाम टिपत होते. दुधनीचे व्यापारी मला बघून बाकड्यावर थोडे सरकले, जागा करावी तसे. बाबांनी सुतळीसाठी हात पुढं केला.

मी सुतळी दिली नाही.

"ही तुमची पोरगी का?" व्यापारी म्हणाले. "शिकते का?"

"शिकली," बाबा म्हणाले. "बोलत न्हाय जास्त. आन गं."

आम्ही पाडून दिलेल्या माळेची जुनी माळ भिंतीशी घडी करून ठेवली होती. मी खाली बसले. ती तीन कार्डं शोधायला मला वेळ लागला नाही. कुठं आहेत ते मला माहीत होतं. मी माळेचा तेवढा भाग उचलून दाराच्या उजेडात धरला. किनारीला लागून, एकाखाली एक, तीन ठिपके उजळले. बाबा जवळ आले. त्यांनी डोळे बारीक केले, पाणी आलं, पण ते बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि मान थोडी, अगदी थोडी हलवली. राहू दे, असं ते सांगत होते.

बाहेर समोरच्या घरातला माग चालू होता. इंग्रजीत एक वाक्य तयार झालं, नीट, व्याकरणासकट, आणि ते इथं काहीच कामाचं नव्हतं. मी कार्डावर बोट ठेवलं, यंत्राशेजारी बसून ठेवायची तसं. मग आवाज निघाला, तोच, पाड-सोडचा, खोलीभर ऐकू जाईल एवढा.

"मला दिसली होती, बाबा. तिन्ही दिसली होती. दिसलं ते मी बोलले नाही."